परसातील कोंबडी : रवणाची अंडी व घरची अंडी

प्रास्ताविक

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके होत. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस गुजरात राज्याची हद्द आणि पूर्वेस चढत जाणारा डोंगराळ मुलूख, अशी या भागाची ठेवण आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा आदी आदिवासी समाजांची वस्ती येथे पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहे. भातशेती एका पावसाची. त्यामुळे वर्षाचे उरलेले महिने कुटुंबास मजुरी, भाजीपाला, गवत व जनावरे यांवर काढावे लागतात. अशा घरी पाच-सात गावठी कोंबड्या बहुधा असतातच. त्यांस वेगळे खाद्य लागत नाही, वेगळा गोठा लागत नाही. सकाळी खुराडे उघडले की त्या परसात, खळ्यावर व झाडाखाली आपले पोट भरतात आणि दिवस मावळता घरी परततात.

ही कोंबडी म्हणजे घरची चालती पुंजी होय. पाहुणा आला, देवाचे कार्य निघाले, मूल आजारी पडले किंवा आठवड्याच्या बाजारास मीठ-मिरचीला पैसे कमी पडले, म्हणजे तीच उपयोगी पडते. तिची देखभाल बहुतेक घरी स्त्रीच करते आणि तिच्या विक्रीचे चार पैसेही बहुधा स्त्रीच्याच हाती राहतात.

तथापि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या घरात कोंबड्या आहेत, त्या घरातील मुलांच्या ताटात अंडे क्वचितच पडते. कारण विचारले असता घरच्या बाईचे उत्तर सरळ असते : अंडे खाल्ले तर पिल्लू कोठून येणार? तिच्या हिशेबी अंडे खाणे म्हणजे कोंबडी खाणे होय. हा हिशेब अडाणीपणाचा मुळीच नाही; तो काटकसरीचा आहे. परंतु तो अपुरा आहे. प्रस्तुत पाठाचा हेतू तो हिशेब पुरा करून दाखविणे आणि त्या अनुषंगाने अंड्यांविषयी नित्य विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे देणे हा आहे.

१. अंडे हे बियाणे आहे

भाताचे बियाणे राखताना शेतकरी काय करतो? तो सगळे भात पेरीत नाही. भरलेल्या लोंब्या निवडून तेवढेच दाणे बियाण्यास ठेवतो आणि बाकीचे भात खातो किंवा विकतो. अंड्यांच्या बाबतीत मात्र उलट घडते. कोंबडीने घातलेली लहान-मोठी, ताजी-शिळी सर्व अंडी तिच्याखाली ठेवली जातात. हे म्हणजे पोचट दाण्यांसह सारे भात पेरण्यासारखे आहे.

समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरी तीन गावठी कोंबड्या आहेत. प्रत्येक कोंबडी वर्षातून तीन वेळा अंड्यावर येते व दर वेळी १४ अंडी घालते. म्हणजे वर्षाची अंडी १२६ झाली. नेहमीच्या पद्धतीने सर्व अंडी रवणास बसविली, तर नऊ रवणे होतील. दर रवणास आठ पिल्ले निघाली असे धरले तर पिल्ले ७२ होतात. परंतु त्यांतील बरीचशी घार, मांजर, मुंगूस, पाऊस व रोग यांमुळे दगावतात. दोन महिन्यांची होईपर्यंत २४ पिल्ले उरली असे मानू. याचा अर्थ १२६ अंडी खर्ची घालून २४ पक्षी हाती आले.

आता त्याच घराने पाचच रवणे बसविली आणि प्रत्येक वेळी १० निवडक अंडी ठेवली, तर खर्च ५० अंड्यांचा झाला. अंडी ताजी व फलित असल्याने दर रवणास आठ पिल्ले निघणे कठीण नाही. म्हणजे ४० पिल्ले. त्यांस पहिले काही आठवडे डालग्याखाली राखून लस टोचून घेतली व २५ जगली, तर पक्षी पहिल्याइतकेच झाले आणि ७६ अंडी मुलांच्या तोंडी पडावयास उरली. शिवाय ज्या कोंबड्या रवणास बसविल्या नाहीत, त्या लवकर पुन्हा अंड्यावर येतील. ती अंडी यात धरलेली नाहीत.

हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येक घराने आपापले आकडे घालून हा हिशेब करून पाहावा. परंतु त्यातील तत्त्व सर्वांस सारखेच लागू आहे : नुकसान अंडी खाण्याने होत नसून अंडी व पिल्ले वाया जाण्याने होते.

२. अंडे कसे तयार होते?

कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूस अंडाशय असते. त्यात द्राक्षाच्या घडाप्रमाणे लहान-मोठे पिवळे बलक लागलेले असतात. एक बलक पक्व झाला म्हणजे तो सुटून अंडनलिकेत उतरतो. नलिकेच्या तोंडाशी तो पाव तासाच्या आसपास राहतो व कोंबड्याचे बीज असल्यास तेथेच फलित होतो. पुढे सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा बलक जमतो, नंतर सव्वा तासाच्या सुमारास पातळ पापुद्रे चढतात आणि अखेरीस सुमारे वीस तास कवच बनण्यात जातात. अशा रीतीने एक अंडे पुरे होण्यास साधारणतः २४ ते २६ तास लागतात.

यावरून एका नित्याच्या शंकेचा उलगडा होतो. कोंबडी आज सकाळी आठ वाजता अंडे देते, उद्या नऊला, परवा दहाला आणि पुढे एखादा दिवस देतच नाही. हा रोग नव्हे. दर अंड्यास दिवसाहून थोडा अधिक वेळ लागत असल्यामुळे वेळ पुढे सरकत जाते व अधूनमधून खाडा पडतो.

३. अंड्याविषयी नित्याचे प्रश्न

कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देईल काय? होय, देईल. अंडी देण्यास कोंबड्याची गरज नाही. पिल्ले निघण्यास मात्र आहे. आठ ते दहा कोंबड्यांस एक तरणा कोंबडा पुरेसा होतो. कोंबडा काढून घेतल्यानंतरही सुमारे आठ-दहा दिवस अंडी बऱ्यापैकी फलित निघतात, पुढे ते प्रमाण झपाट्याने घटते.

लांबट अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे खरे काय? नाही. अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखता येत नाही. पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीच्या बीजावरून ठरते आणि ते बलक पक्व होतानाच निश्चित झालेले असते. कवचाचा आकार त्यानंतर येतो. म्हणून दोहोंचा परस्परांशी संबंध नाही.

कोंबडी अंडी द्यावयाची का थांबते? कारणे पुष्कळ आहेत. ती खुडूक झाली असेल, पिल्लांत असेल, पिसे झाडीत असेल किंवा तिचे पोट भरत नसेल. दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. अंडी भरपूर येण्यास चौदा तासांच्या आसपास प्रकाश चांगला मानला जातो. डहाणूस सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा अधिक व सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणून थंडीच्या आरंभी अंडी कमी होणे स्वाभाविक आहे. पिसे झाडणारी कोंबडी आपले अन्न नवी पिसे उगविण्याकडे वळविते. तिला निकामी समजून विकू नये. चांगले खाणे द्यावे म्हणजे ती पुन्हा अंड्यावर येते.

कवच मऊ किंवा पातळ का होते? कवच मुख्यतः चुन्याचे असते. एका गावठी अंड्याच्या कवचात दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. ते खाण्यातून मिळाले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते व पुढे कवच पातळ पडू लागते. यावर उपाय दाराशीच आहे. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर शिंपल्यांस तोटा नाही. शिंपले धुऊन वाळवावेत, जाडसर कुटावेत आणि एका करवंटीत वेगळे ठेवावेत. कोंबडी लागेल तेवढे आपण होऊन खाते. अंड्यांची टरफले द्यावयाची असल्यास ती भाजून बारीक चुरडून द्यावीत. अखंड टरफल दिल्यास कोंबडीस अंडे फोडून खाण्याची खोड लागण्याचा संभव असतो.

अंडे फोडून खाणाऱ्या कोंबडीस काय करावे? प्रथम शिंपल्याचा चुरा व पुरेसे खाणे द्यावे. अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. घालण्याची जागा अंधारी ठेवावी. खुराड्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड ठेवावा. त्यावर चोच मारून ती कंटाळते. इतके करूनही खोड न गेल्यास अशी कोंबडी रवणास बसवू नये.

कोंबडी बाहेर लपून अंडी घालते, त्यास उपाय काय? बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरी घातली जातात. अंड्यावर आलेली कोंबडी दहा-अकरा वाजेपर्यंत डालग्याखाली ठेवावी व मग सोडावी. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भाताचा पेंढा घातलेली टोपली ठेवून तीत एक खुणेचे अंडे किंवा दगड राहू द्यावा. ती जागा सुरक्षित वाटली म्हणजे कोंबडी झुडपात जात नाही आणि अंडी मुंगूस व धामण यांच्या तावडीतून वाचतात.

दोन बलकांचे, अगदी लहान किंवा रक्ताचा ठिपका असलेले अंडे खावे काय? खावे. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग सुरुवातीस लहान व कधी दोन बलकांची अंडी देते. रक्ताचा बारीक ठिपका हा बलक सुटताना एखादी सूक्ष्म शिर तुटल्याने येतो. तो पिल्लाचा अंश नव्हे. ठिपका काढून अंडे नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. रवणास मात्र अशी लहान किंवा दोन बलकांची अंडी ठेवू नयेत.

तांबूस अंडे पांढऱ्याहून पौष्टिक असते काय? कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. त्याचा पौष्टिकतेशी संबंध नाही. बलकाचा गडद पिवळा रंग हिरवा पाला, किडे व पिवळी मका यांच्या खाण्याने येतो. गावठी अंड्यास बाजारात जो अधिक भाव मिळतो तो चवीस व ताजेपणास मिळतो, हे विक्री करणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. शिळे अंडे गावठी म्हणून विकल्यास गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

४. रवणाच्या अंड्यांची निवड

रवणास ठेवावयाचे अंडे चार गोष्टी पाहून निवडावे. पहिली, ते मध्यम आकाराचे व अखंड असावे; बारीक चीरही नसावी. दुसरी, ते शक्य तो सात दिवसांच्या आतील असावे आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतील असावे. तिसरी, ते न धुतलेले असावे. कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक आवरण असते व ते धुतल्याने जाते, मग कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात. मळ असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. चौथी, ते धडधाकट, चांगली अंडी देणाऱ्या व पिल्ले सांभाळणाऱ्या कोंबडीचे असावे.

अंडे घातल्याबरोबर त्यावर कोळशाने अथवा पेन्सिलीने दिवसाची खूण करावी. म्हणजे बसविण्याच्या वेळी जुनी अंडी बाजूस काढता येतात. अंडी साठविताना टोकदार बाजू खाली व रुंद बाजू वर राहील अशी ठेवावीत, कारण हवेची पोकळी रुंद बाजूस असते.

अंड्यातील जीव सुमारे २१ अंश सेल्सियसच्या वर हळूहळू वाढू लागतो. आपल्या भागात उन्हाळ्यात घरातील हवाही याहून पुष्कळ उष्ण असते. मग जीव अर्धवट वाढतो व मरतो, आणि अंडे नासते. यासाठी ओल्या वाळूवर मडके ठेवून त्यात पेंढ्यावर अंडी ठेवावीत व वर विरळ फडके बांधावे. वाळू रोज भिजवावी, परंतु अंड्यांस पाणी लागू देऊ नये.

कोंबडीखाली तिच्या पंखांत मावतील तेवढीच, म्हणजे १० ते १२ अंडी ठेवावीत. अधिक ठेवल्यास कडेची अंडी आळीपाळीने गार पडतात आणि सगळ्यांचेच नुकसान होते. टोपलीच्या तळाशी कोरडी राख किंवा वाळू, तीवर मऊ पेंढा आणि मध्ये थोडी खोलगट जागा असावी. पेंढ्यात निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला मिसळण्याचा रिवाज चांगला आहे. रवणास बसलेली कोंबडी उवा-पिसवांनी बेजार झाली तर अंडी सोडून उठते. म्हणून बसविण्यापूर्वी तिच्या अंगावर उवा नाहीत हे पाहावे. दाणापाणी टोपलीजवळच असावे. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते. तिला उठू द्यावे.

सातव्या रात्री अंडी उजेडावर पाहावीत. पूर्वी यासाठी कंदील व पुठ्ठ्याची नळी लागे. आता मोबाइलच्या विजेरीवर काम भागते. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद बाजूस उजेड धरावा. आत कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे फलित आहे. अंडे स्वच्छ दिसल्यास ते वांझ समजून काढावे. चौदाव्या रात्री पुन्हा पाहावे व ज्यांची वाढ थांबली असेल ती काढून टाकावीत. नासके अंडे कोंबडीखाली फुटल्यास बाकीचीही बिघडतात. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसविल्या असल्यास वांझ अंडी काढल्यानंतर उरलेली अंडी एकीखाली घालून दुसरीस मोकळे करता येते. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. शेवटचे तीन दिवस अंडी हलवू नयेत.

विजेच्या गडगडाटाने अंडी नासतात अशी समजूत असून त्यावर तोडगा म्हणून टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. त्याने अपाय नाही. परंतु पावसाळ्यातील नुकसानीचे खरे कारण ओल होय. पेंढा भिजला, बुरशी आली, वाऱ्यापावसाने कोंबडी वारंवार उठली, म्हणजे रवण फुकट जाते. कोळसा ठेवणाऱ्याने टोपली जमिनीपासून हातभर उंच व कोरड्या कुडालगत ठेवण्याचीही खबरदारी घ्यावी.

एक शेवटची सूचना. एकाच कोंबड्याचे वाण पिढ्यान्पिढ्या घरात राहिल्यास रक्तसंबंधामुळे अंडी वांझ निघतात व पिल्ले दुबळी होतात. दर वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या पाड्यातील निरोगी कोंबड्याशी अदलाबदल करावी. आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवून मगच इतरांत सोडावा.

५. खुडूक कोंबडी

अंडी घालून झाल्यावर गावठी कोंबडी खुडूक होते, म्हणजे ती टोपलीत बसून राहते, अंग फुगविते व जवळ गेल्यास गुरगुरते. हा तिचा दोष नसून गुण आहे. त्यावाचून यंत्राशिवाय पिल्ले निघालीच नसती. परंतु प्रत्येक खुडूक कोंबडी बसविलीच पाहिजे असे नाही. अंडी घालण्यास अडीच आठवडे, उबविण्यास तीन आणि पिल्लांमागे हिंडण्यास आठ ते दहा, असा हिशेब केला तर एका फेरीस साडेतीन महिने लागतात व वर्षात तीनच फेऱ्या होतात.

जी बसवावयाची नाही तिला विरळ विणीच्या बांबूच्या डालग्यात घालून हवेशीर व उजेडाच्या जागी तीन-चार दिवस टांगून ठेवावे. खाली पेंढा घालू नये; पोटास गार हवा लागली पाहिजे. दाणापाणी मात्र बंद करू नये. खुडूक मोडल्यावर ती साधारणतः दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. पाण्यात बुडविणे, उपाशी ठेवणे किंवा नाकपुडीतून पीस ओवणे हे उपाय क्रूर आहेत व त्यांनी कोंबडी खंगते.

सुधारित जातींचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया आणि बंगळूरची गिरिराजा या जाती गावठी कोंबडीहून पुष्कळ अधिक अंडी देतात. परंतु त्या क्वचितच खुडूक होतात व त्यांच्या अंड्यांपासून निघणाऱ्या पुढच्या पिढीत मूळचे गुण टिकत नाहीत. तेव्हा सुधारित पक्षी घेतल्यावरही दोन-तीन चांगल्या गावठी कोंबड्या राखाव्यात. घरातील पिल्लांची आई तीच आहे.

६. घरची अंडी

रवणाची अंडी बाजूस काढल्यानंतर जी उरतात ती घरची. त्यांत पहिला वाटा लहान मुलांचा, गर्भवतीचा व अंगावर पाजणाऱ्या मातेचा असावा. चाळीस ग्रॅमच्या गावठी अंड्यातून सुमारे साडेचार ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. क जीवनसत्त्व सोडल्यास शरीरास लागणारी बहुतेक जीवनसत्त्वे त्यात आहेत. भात व नाचणी यांवर वाढणाऱ्या मुलास नेमके जे कमी पडते ते अंड्यात आहे. राज्य शासनाच्या २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील मातांस चौरस आहार आणि पुढे बालकांस अंडी अथवा केळी देण्याची तरतूद झाली, ती याच कारणास्तव. अंगणवाडीत मिळणारे अंडे घरच्या अंड्याची जागा घेण्यासाठी नसून त्यात भर घालण्यासाठी आहे.

अंडे ताजे आहे किंवा नाही हे पाण्यात टाकून ओळखावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे झाल्यावर उभे राहते आणि फार शिळे तरंगते. अंडे जुने होईल तशी त्यातील हवेची पोकळी वाढते, हे त्याचे कारण. तरंगणारे अंडे खाऊ नये. फोडताना प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे. कच्चे अंडे शक्तिवर्धक असते ही समजूत चुकीची आहे. शिजविलेले अंडे अधिक चांगले पचते व कच्च्या अंड्यातून होणाऱ्या जुलाब-तापाचा धोका टळतो.

फलित अंडे उष्णतेत लवकर बिघडते व अफलित अंडे अधिक टिकते. मोकळ्या पाड्यात कोंबडा वेगळा ठेवणे शक्य नसते. म्हणून अंडी रोज उचलावीत, थंड जागी ठेवावीत व उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत खावीत किंवा विकावीत. बाजारास न्यावयाच्या अंड्यांस त्याच दिवशी बोटाने गोडेतेलाचा पातळ हात लावल्यास कवचाची छिद्रे बुजून ती अधिक टिकतात. असे तेल लावलेले अंडे रवणास मात्र चालत नाही, कारण आतील जीवास हवा मिळत नाही.

७. पिल्ले जगविणे

पिल्लांचे पहिले चार आठवडे नाजूक असतात. पहिले दहा दिवस आईसह डालग्याखाली कोरड्या जागी ठेवावीत. तांदळाची बारीक कणी, नाचणी व उथळ पसरट भांड्यात स्वच्छ पाणी द्यावे. वाळवी हे उत्तम खाद्य आहे. मडक्यात ओला पेंढा व शेण भरून ते रात्री वारुळालगत पालथे ठेवल्यास सकाळी वाळवी मिळते. सुकट द्यावयाची तर बिनमिठाची व थोडी द्यावी; खारवलेल्या मासळीतील मीठ पिल्लांस मारक ठरते. बुरशी आलेला दाणा कोणत्याही पक्ष्यास घालू नये.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात. हा रोग आला म्हणजे हिरवट-पांढरी हगवण लागते, मान वाकडी होते आणि पाड्यातील कोंबड्या आठवड्याभरात बसून जातात. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लास पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा, चौथ्या आठवड्यात तो पुन्हा द्यावा व सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही टोचणी घ्यावी. लसीची बाटली अनेक पक्ष्यांसाठी असते व फोडल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. म्हणून एका घराने लस आणणे परवडत नाही. सबंध पाड्याने एकाच सकाळी, कोंबड्या सोडण्यापूर्वी, लस टोचून घ्यावी. लस दवाखान्यापासून पाड्यापर्यंत बर्फात न्यावी. उन्हात आलेली लस म्हणजे नुसते पाणी होय. आजारी पक्ष्यास लस देऊ नये.

मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, खाऊ नये व आजार लागलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकू नयेत. रोग एका पाड्यातून दुसऱ्यात पोहोचतो तो बहुधा अशाच विक्रीतून. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर त्यांस हात न लावता त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली, तेव्हा तेथील कोंबड्या फार मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. वेळीच दिलेली खबर शेजाऱ्याच्याही कोंबड्या वाचविते.

८. हंगाम व जगायला जाणे

रवण बसविण्यास दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी व थंड असते, खळ्यावर दाणे सांडलेले असतात आणि पिल्ले पावसापूर्वी मोठी होतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात अंडी नासतात व श्रावणात पिल्ले भिजून मरतात. अडचण अशी की, याच चांगल्या काळात पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर, मिठागरावर किंवा गुजरातेतील कामांवर जगायला जातात. जाण्यापूर्वी कोंबड्या मिळेल त्या भावाने विकल्या जातात आणि आषाढात परतल्यावर दुप्पट पैसे मोजून पुन्हा घ्याव्या लागतात.

यावर पाड्यानेच तोड काढावी. घरी राहणाऱ्या वृद्धांकडे किंवा शेजाऱ्याकडे चांगली रवणाची कोंबडी व तिची निवडक अंडी निम्म्या वाट्याने ठेवावीत. निघालेली अर्धी पिल्ले राखणाऱ्याची व अर्धी मालकाची. किती अंडी दिली, किती पिल्ले निघाली व किती जगली याच्या खुणा दोघांच्या समक्ष भिंतीवर कराव्यात, म्हणजे पुढे तंटा राहत नाही. पाड्यातील पाच घरांनी असे केले तरी चांगले वाण पाड्याबाहेर जात नाही.

९. कार्यकर्त्यांनी हा पाठ कसा द्यावा

हा विषय सभेत भाषण करून समजत नाही. संध्याकाळी एखाद्या घरी पाच-दहा बायांना जमवावे, सातव्या दिवसाचे रवण मागून घ्यावे आणि अंधारात अंडे उजेडावर धरून दाखवावे. फलित व वांझ अंड्यांतील फरक एकदा डोळ्यांनी पाहिला म्हणजे पुन्हा सांगावा लागत नाही. त्यानंतर पाण्याच्या तांब्यात ताजे व शिळे अंडे टाकून दाखवावे.

हिशेबासाठी वही लागत नाही. कुडाच्या भिंतीवर कोळशाने चार ओळी कराव्यात : घातलेली अंडी, रवणाची अंडी, निघालेली पिल्ले आणि दोन महिन्यांची झालेली पिल्ले. दर वेळी एक रेघ ओढावी. तिसऱ्या व चौथ्या ओळीत फार अंतर पडले तर दोष पिल्लांच्या देखभालीत आहे. दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत पडले तर अंड्यांच्या निवडीत आहे. भिंतीकडे पाहून घरची बाई आपला दोष आपणच ओळखील.

कोंबड्यांचा पैसा स्त्रीच्या हाती असतो, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. सल्ला पुरुषास देऊन काम स्त्रीकडून अपेक्षिणे व्यर्थ आहे. लसीकरणाचा दिवस ठरविताना पशुवैद्यकीय दवाखाना व अंगणवाडी या दोहोंस बरोबर घ्यावे. अधिक माहितीसाठी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.

पाठाचे सार

(१) सगळी अंडी रवणास बसवू नयेत. ताजी, मध्यम व न धुतलेली दहा-बारा निवडावीत.
(२) अंड्यावर दिवसाची खूण करावी. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून जुने अंडे बसवू नये.
(३) सातव्या व चौदाव्या रात्री अंडी उजेडावर पाहावीत.
(४) जी खुडूक कोंबडी बसवावयाची नाही तिला हवेशीर डालग्यात ठेवावे. तिचे हाल करू नयेत.
(५) शिंपल्यांचा चुरा नेहमी समोर असावा.
(६) मानमोडीची लस सबंध पाड्याने एकाच दिवशी घ्यावी.
(७) उरलेल्या अंड्यांपैकी पहिले अंडे मुलास द्यावे व नंतर बाजाराचा विचार करावा.

ज्या घरी हा क्रम पाळला जाईल, त्या घरी कोंबड्यांची संख्या घटणार नाही आणि मुलाच्या ताटात अंडेही पडेल. दोन्ही गोष्टी त्याच परसातून, त्याच कोंबड्यांपासून साधणाऱ्या आहेत.